नित्य आणि काम्य

उत्तर ध्रुवाचे नाव निघाले की मराठी वाचकाला दोन आठवणी हटकून होतात. एक, बापाच्या मांडीवरून उठविल्या गेलेल्या आणि अढळपदी जाऊन बसलेल्या बालकाची. दुसरी, लोकमान्य टिळकांनी १९०३ साली प्रसिद्ध केलेल्या त्या इंग्रजी ग्रंथाची, ज्यात त्यांनी वेदांतील दीर्घ उषा आणि दीर्घ रात्र यांच्या आधाराने आर्यांचे मूलस्थान ध्रुवप्रदेशात शोधले. लोकमान्यांचा तो सिद्धान्त पुढे विद्वानांत मान्य झाला नाही. तथापि ध्रुवाकडील महिनोगणती चालणाऱ्या रात्रीविषयी आपल्या लोकांत जे कुतूहल आहे, त्यात त्या ग्रंथाचा वाटा आहे. त्या ग्रंथाच्या प्रकाशनापूर्वी सात वर्षे, म्हणजे १८९६ मध्ये, नॉर्वे देशाचे तेरा लोक तसल्या एक सोडून तीन रात्री भोगून स्वदेशी परतले होते. त्यांच्या जहाजाचे नाव ‘फ्राम’. त्या नॉर्वेजियन शब्दाचा अर्थ ‘पुढे’.

या प्रवासाची कथा साहसकथा म्हणून पुष्कळदा सांगितली गेली आहे. आम्ही तिच्याकडे निराळ्या हेतूने वळत आहोत. ज्या कर्माचे फळ करणाराला दिसत नाही, आणि बहुधा त्याच्या हयातीत दिसणारही नाही, ते कर्म नेमाने करीत राहण्यास माणूस कशाने बांधलेला असतो? आणि असल्या कर्माची योग्यता, फळ डोळ्यांपुढे धरून केलेल्या पराक्रमाहून कमी की अधिक? हा प्रश्न आपल्या धर्मशास्त्राला नवा नाही. परंतु तो ज्या स्वच्छपणे फ्रामच्या हकिकतीत मांडला गेला आहे, तितका स्वच्छ आम्हांस अन्यत्र क्वचितच आढळला.

आपल्या शास्त्रकारांनी कर्माचे नित्य आणि काम्य असे जे भेद केले, ते वाचकांच्या परिचयाचे आहेत. संध्यावंदन, अग्निहोत्र ही नित्यकर्मे. अमुक फळ मिळावे म्हणून केलेली इष्टी ही काम्य. नित्यकर्म केल्याने काय मिळते याविषयी मीमांसकांत मतभेद आहेत; ते न केल्याने प्रत्यवाय लागतो, एवढे सामान्यतः मानले जाते. आणखी एक बारकावा त्यांनी सांगितला आहे, तिकडे मात्र आपले लक्ष सहसा जात नाही. काम्यकर्म सर्व अंगांसह पुरे झाले पाहिजे. एक अंग उणे पडले तरी फळाची आशा नको. नित्यकर्माला ही अट नाही. ते यथाशक्ति करावयाचे. साहित्य अपुरे असले, शरीर थकलेले असले, तरी जे हाताशी असेल त्यावर ते करावे. मात्र ते टाकता येत नाही. या भेदाची खूण मनात ठेवून आता आपण उत्तरेकडे जाऊ.

१८८१ च्या जून महिन्यात ‘जेनेट’ नावाचे एक अमेरिकन जहाज सायबेरियाच्या उत्तरेस बर्फात चिरडून बुडाले. तीन वर्षांनी, १८८४ मध्ये, त्या जहाजावरील काही वस्तू ग्रीनलंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यालगत, वाहत आलेल्या बर्फावर सापडल्या. म्हणजे त्या वस्तू ध्रुवसमुद्राच्या एका कडेकडून दुसऱ्या कडेला गेल्या होत्या. त्यांना कोणी वल्हवले नव्हते. बर्फानेच नेले होते. फ्रिट्यॉफ नान्सेन या तरुण प्राणिशास्त्रज्ञाने यावरून असे अनुमान बांधले की, त्या समुद्रातील सारे बर्फ एका संथ प्रवाहाबरोबर सरकत असले पाहिजे. आणि तसे असेल, तर एखादे भक्कम जहाज बुद्ध्याच त्या बर्फात गोठवून घ्यावे, म्हणजे बर्फच त्याला ध्रुवाच्या जवळून पलीकडे नेऊन सोडील. अनुभवी दर्यावर्द्यांनी या योजनेला वेडेपणा म्हटले. बर्फाशी झुंजून जेथे जहाजे फुटली, तेथे बर्फाच्या मुठीत आपण होऊन शिरावयाचे, हे त्यांच्या बुद्धीला पटण्यासारखे नव्हते.

कॉलिन आर्चर या कारागिराने फ्रामचे पोट नारळाच्या अर्ध्या करवंटीसारखे गोल बांधले. दोन्ही बाजूंनी बर्फ दाबू लागले की त्याला धरावयास कडा सापडू नये, आणि जहाज चिरडण्याऐवजी वर उचलले जावे, ही त्यातील युक्ती. १८९३ च्या जूनमध्ये ते क्रिस्तियानियाहून, म्हणजे आजच्या ऑस्लोहून, निघाले आणि सप्टेंबरच्या अखेरीस न्यू सायबेरियन बेटांच्या वायव्येस, सुमारे ७९ अक्षांशाजवळ, गोठून बसले. पुढे जवळजवळ तीन वर्षे ते जहाज कोठे जावयाचे हे जहाजावरील कोणाच्याही हाती नव्हते. पहिल्या दीड महिन्यात तर ते उत्तरेऐवजी दक्षिणेकडेच सरकले. ‘पुढे’ असे नाव धारण करणाऱ्या जहाजाने मागे जावे, आणि त्यावरील माणसांनी ते स्वस्थपणे टिपून ठेवावे, अशी या व्रताची सुरुवात झाली.

त्या टिपणांचे स्वरूप सांगितले पाहिजे. दर चार तासांनी, दिवस असो वा रात्र, हवेचे उष्णतामान, वायुभार, वाऱ्याची दिशा आणि जोर, आकाशाची स्थिती पाहून वहीत भरावयाची. एक दिवसाआड ताऱ्यांच्या वा सूर्याच्या वेधावरून जहाजाचे स्थान काढावयाचे. बर्फावर बांधलेल्या हिमाच्या खोपटात बसून चुंबकसूचीचे वेध घ्यावयाचे. बर्फाला भोक पाडून निरनिराळ्या खोलीवरचे पाणी काढावयाचे, त्याचे उष्णतामान आणि खारेपणा मोजावयाचा. दरमहा डॉक्टर ब्लेसिंगने प्रत्येकाचे वजन करावयाचे आणि रक्त तपासावयाचे. वेधांचे बहुतेक काम सिगुर्ड स्कॉट-हान्सेन या तरुण नौदल अधिकाऱ्याकडे होते. पारा गोठून जाईल अशा थंडीत, अंधारात, कंदील घेऊन हा मनुष्य यंत्राजवळ उभा राही. धातूला उघडे बोट लागले तर कातडी तेथेच राहण्याची धास्ती. हे काम एक दिवस नव्हे, एक ऋतू नव्हे. तीन हिवाळे चालले.

जहाजावरचे जिणे मात्र दुःसह नव्हते. पवनचक्कीवर चालणारी विजेची बत्ती होती, ग्रंथसंग्रह होता, वाजविण्यास ऑर्गन होता. अधिकारी आणि खलाशी असा भेद न करता तेराही जण एकाच दालनात एका मेजावर जेवत. अन्नाची योजना विचारपूर्वक केली असल्यामुळे त्या काळच्या दर्यावर्द्यांचा शत्रू जो स्कर्व्ही रोग, तो फ्रामवर फिरकलाच नाही. डॉक्टरला रोगी मिळेनात, म्हणून त्याने एक हस्तलिखित पत्र चालविले. परंतु सुखाचेही ओझे होते. तीच तेरा तोंडे, तोच अंधार, त्याच गोष्टी. आणि बाहेर बर्फाचे दाबाने फुटण्याचे गडगडाट. नान्सेनच्या रोजनिशीतच कंटाळ्याची आणि निराशेची कबुली जागोजाग आढळते. चार तासांनी वाजणारी ती वेळ नसती, तर ती माणसे काळाच्या त्या सपाट मैदानात कशाच्या आधाराने उभी राहिली असती, हे सांगणे कठीण आहे. नेम हा काही वेळा नेमस्ताला सांभाळतो, तो असा.

समुद्राच्या खोलीचा प्रसंग विशेष लक्षात घेण्यासारखा आहे. ध्रुवाकडील समुद्र उथळ असावा, अशी तोवर पुष्कळांची समजूत होती. बरोबर घेतलेली दोरी तळाला पोचेना. तेव्हा या लोकांनी जहाजाचाच एक पोलादी दोर घेतला, त्याचे पीळ उलगडले आणि त्यांतील तारा पुन्हा वळून चार हजार मीटरांहून अधिक लांबीची दोरी हातांनी तयार केली. हे वळण्याचे काम बर्फावर, कडाक्याच्या थंडीत झाले. त्या दोरीने तळ लागला तो ३३०० ते ३९०० मीटरांवर. ध्रुवसमुद्र हा एक खोल महासागर आहे, हे जगाला या घरगुती दोरीने कळविले. यथाशक्ति करावयाचे कर्म कसे असते, याचे याहून चांगले उदाहरण आम्हांस सुचत नाही. साधन नव्हते म्हणून माप टळले नाही. जवळ होते त्याचेच साधन केले.

याच मोजमापांत आणखी एक गोष्ट उघडकीस आली. बर्फाखालचे वरचे पाणी अत्यंत थंड. परंतु सुमारे दोनशे मीटरांखाली उतरले की पाणी किंचित उष्ण, शून्य अंशाच्या वर. आणि आणखी खोल गेले की पुन्हा थंड. मधला हा उष्ण थर अटलांटिक महासागरातून, वरच्या हलक्या पाण्याखाली शिरून, तेथवर आलेला होता. आणि बर्फ वाऱ्याबरोबर सरळ न सरकता वाऱ्याच्या दिशेच्या उजवीकडे वीस ते चाळीस अंशांनी कलून सरकते, हेही ध्यानात आले. एका दिवसाच्या नोंदीवरून हे कळले नसते. एके दिवशी बर्फ वाकडे गेले तर त्याला शंभर कारणे असू शकतात. महिनोन्महिने ते उजवीकडेच वळू लागले, म्हणजे त्यात नियम आहे. नान्सेनने त्याचे कारण पृथ्वीच्या परिवलनात पाहिले. आणि स्वीडनच्या एकमान या तरुण अभ्यासकाने त्याचे गणित सोडवून १९०५ साली विस्ताराने मांडले.

आता या कथेतील दुसरा पक्ष. १८९४ च्या शरद ऋतूपर्यंत नान्सेनची खात्री झाली की, प्रवाह जहाजाला ध्रुवावरून नेणार नाही, बाजूने नेणार. ध्रुव गाठावयाचा तर जहाज सोडून बर्फावरून गेले पाहिजे. आणि एकदा सोडलेले सरकते जहाज पुन्हा सापडण्याचा संभव नाही. १४ मार्च १८९५ रोजी, ८४ अक्षांशाच्या किंचित वर, त्याने जहाजाचे आधिपत्य ऑटो स्वेरड्रुपकडे लेखी सोपविले आणि यालमार योहान्सेन या सोबत्यासह तीन घसरगाड्या, दोन होड्या आणि अठ्ठावीस कुत्री घेऊन तो ध्रुवाकडे निघाला.

नायकाने आपली माणसे मागे टाकून जावे, हे योग्य होते काय? वकिलाच्या सवयीने आम्ही या प्रश्नाची दोन्ही बाजूंनी उलटतपासणी केली आहे. जहाज सुरक्षित होते. स्वेरड्रुप नौकानयनात नान्सेनहून सरस होता. मागे राहिलेल्यांचे काही हिरावले गेले नाही. जो सोबत गेला तो राजीखुशीने गेला. सोडून जाण्याचा दोष त्याच्यावर येत नाही, असाच निर्णय द्यावा लागतो. आरोप तेथे संपतो. प्रश्न संपत नाही. कारण पुढे काय घडले ते पाहिले पाहिजे.

ते दोघे ८ एप्रिल १८९५ रोजी ८६ अंश १४ मिनिटांपर्यंत पोचले. त्याआधी इतक्या उत्तरेस मनुष्य गेला नव्हता. परंतु पुढचे बर्फ उंच उंच ढिगांचे होते, आणि जेवढे चालावे तेवढे पायांखालचे बर्फ दक्षिणेकडे सरके. ध्रुव मिळाला नाही. काम्यकर्माचे एक अंग उणे पडले आणि फळ हुकले. परतीच्या वाटेवर काही दिवसांतच आणखी एक गोष्ट घडली. लांबलेल्या मजलीच्या थकव्यात दोघेही आपापल्या घड्याळांना किल्ली द्यावयास विसरले आणि दोन्ही घड्याळे बंद पडली. रेखांश काढावयाचा तो घड्याळावरून. वेळेत चार मिनिटांची चूक म्हणजे रेखांशात एका अंशाची. तेव्हापासून आपण पूर्वपश्चिम नेमके कोठे आहोत, याची त्यांना खात्री राहिली नाही. महिन्यांनी भूमी दिसली, परंतु ती कोणती हे ठरेना. रोज किल्ली देणे हे किती क्षुद्र काम! केले तर त्याचे कोणी कौतुक करीत नाही. एकदा चुकले, आणि सबंध दिशाच हरपली. प्रत्यवाय या शब्दाचा अर्थ शिकविण्यास आम्हांस एखादा शिष्य असता, तर आम्ही त्याला भाष्यग्रंथांआधी हीच गोष्ट सांगितली असती.

त्या प्रवासाची किंमत आणखी एकाने दिली. गाड्या ओढणाऱ्या कुत्र्यांना खावयास घालण्यासाठी त्यांतलेच दुबळे कुत्रे एकामागून एक मारावे लागले. शेवटी दोन उरले. मोकळ्या समुद्राच्या कडेशी त्यांचाही उपयोग संपला, तेव्हा आपल्या कुत्र्यावर हात उचलवेना म्हणून प्रत्येकाने दुसऱ्याचा कुत्रा मारला. या क्रौर्याची आठवण अंगावर शहारे आणते, अशा आशयाचे नान्सेनने पुढे स्वतः लिहून ठेवले आहे. जहाजावरील लोक काही अहिंसाव्रती होते असे नव्हे. अस्वले तेही मारीत. परंतु ज्याने इमानाने गाडी ओढली त्यालाच वाटेत खर्ची घालावे, हा ठराव ध्रुवाच्या वासनेने करविला, हे नाकारता येत नाही. फळावर दृष्टी खिळली की सोबती साधन होतो, आणि साधन संपले की टाकावयाचे असते.

१८९५-९६ चा हिवाळा त्या दोघांनी फ्रान्स योसेफ लँडच्या एका बेटावर, दगडांच्या आणि वॉलरसच्या कातड्याच्या खोपटात, अस्वलाच्या मांसावर काढला. एकाच पिशवीत झोपणारे हे दोघे परस्परांना ‘तुम्ही’ म्हणत, आणि वर्षाखेरच्या रात्री प्रथम ‘तू’ म्हणण्याचे त्यांनी ठरविले, अशी एक गोष्ट सांगतात. १७ जून १८९६ रोजी जॅक्सन या इंग्रज प्रवाशाशी त्यांची अकल्पित गाठ पडली आणि १३ ऑगस्ट रोजी ते नॉर्वेच्या किनाऱ्याला लागले.

इकडे जहाजावर काय चालले होते? चार चार तासांच्या नोंदी. नान्सेन गेल्यावर सतरा महिने स्वेरड्रुपने जहाज सांभाळले आणि स्कॉट-हान्सेनने वही. नायक गेला, ध्रुव पाहावयास मिळणार नाही हे ठरले, तरी वाचन चुकले नाही. आणि १८९५ च्या नोव्हेंबरात, कोणी पाऊलही न उचलता, बर्फाने त्या जहाजाला ८५ अंश ५५ मिनिटांपर्यंत नेले. त्या दोन वीरांनी एवढी कुत्री आणि एवढे कष्ट वेचून गाठलेल्या उंचीपेक्षा हे अंतर वीस सागरी मैलांनीही कमी नव्हते. पुढे १३ ऑगस्ट १८९६ रोजी, म्हणजे नान्सेनने नॉर्वेच्या भूमीवर पाय ठेवला त्याच दिवशी, फ्राम स्पिट्सबर्गेनच्या उत्तरेस बर्फातून मोकळे झाले. तेराच्या तेरा जण जिवंत परतले.

जगाने जयजयकार केला तो ८६ अंश १४ मिनिटांचा. तो आकडा चार-पाच वर्षांतच, १९०० साली, एका इटालियन तुकडीने मागे टाकला. विक्रमाचे भाग्य असेच असते. पुढच्याने मोडावा म्हणूनच तो उभा असतो. उलट त्या मोहिमेचे शास्त्रीय निष्कर्ष १९०० ते १९०६ या काळात सहा खंडांत छापले गेले. त्यांतील निरीक्षणे कोणाला मोडता येत नाहीत. १८९५ च्या एखाद्या फेब्रुवारीतल्या रात्रीचे त्या ठिकाणचे उष्णतामान त्या रात्रीच मोजता येत होते. राहिले असते तर कायमचे राहिले असते. नित्यकर्माला मागाहून भरपाई नाही, हे शास्त्रवचन निसर्गशास्त्रातही अक्षरशः खरे आहे.

येथे दोन आक्षेप संभवतात आणि दोन्ही वजनदार आहेत. पहिला असा की, काम्यावाचून नित्य उभेच राहिले नसते. नान्सेनला ध्रुवाची आणि कीर्तीची आकांक्षा नसती, तर जहाजच बांधले गेले नसते. आणि त्या नोंदींतून अर्थ काढणाराही बव्हंशी तोच होता. हे आम्ही मान्य करतो. मंदिर बांधणारा राजा बहुधा कीर्तीसाठीच बांधतो. परंतु मंदिर बांधले म्हणजे देव जागृत राहतो असे नाही. तो जागृत राहतो तो रोज सकाळी दार उघडणाऱ्याच्या हातून. काम्य आरंभ करते, नित्य टिकविते. दोघांचे मोल सारखे नाही असे आम्ही म्हणत नाही. दोघांचा सन्मान मात्र फारच विषम आहे, एवढे म्हणतो.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. नेम यांत्रिक होतो. ओठांनी मंत्र आणि मनात बाजार, अशी पूजा आपण सर्वांनी पाहिली आहे. ती कशी नित्यकर्म म्हणावी? याचे उत्तर फ्रामच्या वहीत आहे. रात्री दोन वाजता, उणे चाळीस अंशांत, बाहेर न जाता कालच्या आकड्याजवळचा एखादा आकडा लिहून टाकण्यास त्या माणसाला कोण अडविणार होते? हजार मैलांत साक्षीदार नव्हता. तो बाहेर गेला, दिवा धरला, आणि जे दिसले तेच लिहिले. पुनरावृत्ती म्हणजे यांत्रिकता नव्हे. कालचे आज न पाहता उतरविणे ही यांत्रिकता. कालसारखेच आज पुन्हा पाहणे हा नेम. देवळातही तीच कसोटी लावावी.

या कसोटीचे मर्म आमच्या व्यवसायालाही ठाऊक आहे. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याने, व्यवहाराच्या ओघात नियमितपणे ठेवलेल्या हिशेबवह्यांतील नोंदी पुराव्यात ग्राह्य मानल्या. आणि १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली, तरी ते तत्त्व कायम आहे. केवळ अशा नोंदीवरून कोणावर देणे लादता येत नाही, ही मर्यादाही कायम आहे. या तत्त्वामागील व्यवहारज्ञान असे की, रोज लिहिणाराला उद्या कोणता तंटा उभा राहील हे माहीत नसते. म्हणून कोणाच्या बाजूने खोटे लिहावे हेही त्याला माहीत नसते. निष्कामता ही केवळ साधुत्वाची खूण नव्हे. ती सत्याची हमी आहे. स्कॉट-हान्सेनला आपल्या आकड्यांतून कोणता सिद्धान्त निघावयाचा हे ठाऊक नव्हते. म्हणूनच ते आकडे प्रत्येक सिद्धान्ताच्या परीक्षेला उपयोगी पडतात.

देवस्थानांचे तंटे आमच्याकडे पुष्कळ येतात. पालखीला खांदा कोणी द्यावयाचा, मानाचा नारळ कोणाचा, जत्रेत पुढे कोण आणि मागे कोण, यांवर भावकी पिढ्यानुपिढ्या भांडते. नंदादीप एक रात्र विझला म्हणून कोणी दावा लावल्याचे मात्र आमच्या पाहण्यात नाही. अशाच एका दाव्यात, वहिवाट कोणाची हे ठरविताना दोन्ही पक्षांचे ताम्रपट आणि मोठमोठी वचने बाजूस राहिली, आणि उपयोगी पडली ती एका दिवंगत पुजाऱ्याने दिव्याच्या तेलाची ठेवलेली वही. त्या बिचाऱ्याने ती कोणासाठीही लिहिली नव्हती. उत्सव हा देवस्थानाचा ध्रुव आहे. त्याच्याकडे सर्वांचे डोळे असतात. परंतु वर्षातील उरलेले दिवस ज्यांच्या हातांनी चालतात, त्यांचे वेतन, त्यांचा मान आणि त्यांची नावे यांची चौकशी आपण किती करतो? हा प्रश्न वाचकांनी आपापल्या देवळाच्या पायरीवर उभे राहून स्वतःला विचारावा.

कोणी म्हणेल, ज्याचा लाभ घेणारा अजून जन्मासही आला नाही, त्याच्यासाठी मनुष्याने का झिजावे? कायद्याने या प्रश्नाला एक सुंदर उत्तर दिले आहे. खासगी मालमत्ता न जन्मलेल्यांच्या नावे अनिश्चित काळापर्यंत बांधून ठेवता येत नाही. परंतु १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरणाच्या कायद्याने त्याला एक अपवाद केला: लोकहितार्थ, धर्माच्या, ज्ञानाच्या, आरोग्याच्या वा तत्सम कार्याच्या अभिवृद्धीसाठी दिलेले दान. तेथे पिढ्यांची मर्यादा नाही. धर्म आणि ज्ञान ही दोन्ही नावे तेथे शेजारी शेजारी आली आहेत, हे आम्हांस अर्थपूर्ण वाटते. नंदादीपासाठी दिलेली जमीन आणि स्कॉट-हान्सेनची वही ही एकाच जातीची दाने होत.

त्या दानाचे व्याज आजही येत आहे. २००६ च्या सप्टेंबरात ‘तारा’ नावाचे फ्रेंच जहाज फ्रामचेच अनुकरण करून बर्फात गोठले. जवळजवळ तशीच वाट त्याने सुमारे सोळा महिन्यांत संपविली. फ्रामला जवळजवळ तीन वर्षे लागली होती. पुढे २०१९-२० मध्ये ‘पोलारस्टर्न’ या जर्मन जहाजावर अनेक राष्ट्रांच्या शास्त्रज्ञांनी हाच वास पुन्हा केला. ध्रुवसमुद्रावरचे बर्फ विरळ आणि चंचल झाले आहे, हे आज आपण जाणतो. परंतु पूर्वी ते किती संथ होते, याचा एक साक्षीदार म्हणजे फ्रामची ती कोष्टके. पृथ्वीच्या तापण्याचा खटला उभा राहील, याची कल्पना नसलेल्या माणसांनी त्या खटल्यातील पुरावा जपून ठेवला.

आपला किनाराही या ऋणातून सुटलेला नाही. बर्फ वाऱ्याच्या उजवीकडे का कलते, याचे जे गणित एकमानने मांडले, तेच उत्तर गोलार्धातील सर्व समुद्रांना लागू आहे. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या दिवसांत आपल्या पश्चिम किनाऱ्याच्या दक्षिण भागात वरचे पाणी किनाऱ्यापासून दूर लोटले जाते आणि खालचे थंड, पोषक द्रव्यांनी भरलेले पाणी वर येते, त्याचे एक प्रमुख कारण याच गणितात आहे. आणि तारल्यांच्या थव्यांचे भाग्य त्या पाण्याशी निगडित आहे. भारताची पहिली अंटार्क्टिक मोहीम ६ डिसेंबर १९८१ रोजी निघाली ती गोव्याच्याच मुरगाव बंदरातून, आणि ध्रुवीय व महासागरी संशोधनाचे राष्ट्रीय केंद्र आज वास्को येथेच आहे. २०१४ साली भारताने ध्रुवप्रदेशातील स्वालबार्डच्या एका खाडीत उपकरणांची एक माळ पाण्याखाली नांगरून ठेवली. तीही तेच करते. ठरलेल्या वेळी पाण्याचे उष्णतामान आणि खारेपणा टिपते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. फळ न दिसणाऱ्या कर्माला माणूस कशाने बांधलेला असतो? आम्हांस वाटते, दोन गोष्टींनी. जे आज पाहिले नाही ते पुन्हा कधीच पाहता येणार नाही, ही एक जाणीव. आणि आपण कोणाच्या तरी मागून आलो व कोणी तरी आपल्या मागून येणार आहे, ही दुसरी. पहिलीला प्रत्यवायाचे भय म्हणा, दुसरीला ऋण म्हणा. जेनेटच्या वाहून आलेल्या चिंध्यांवरून नान्सेन शिकला. नान्सेनच्या वहीवरून आजचे शास्त्रज्ञ शिकत आहेत. या साखळीत कोणालाही शेवटचे फळ मिळत नाही, आणि कोणाचाही दुवा अनावश्यक नाही.

ध्रुव या शब्दाचा अर्थ अचल. फ्रामच्या लोकांना जो ध्रुवप्रदेश दिसला, त्यात अचल असे काहीच नव्हते. पायांखालचे बर्फ सरकत होते, बर्फाखालचे पाणी वाहत होते, आणि तळ हजारो मीटर खाली होता. एक गोष्ट तेवढी ढळली नाही. चार तास झाले की कोणी तरी दिवा घेऊन बाहेर जाई, आणि जे दिसे ते लिहून ठेवी.